उंबऱ्याबाहेरची चतुराबाई

चतुराबाईचं एक लुगडं माझ्या कपाटात असतं, डांबरगोळ्यांच्या शेजारी. ते नातीला भेटायचं लुगडं. ते तिनं कधी मेंढ्यांच्या वस्तीवर नेलं नाही. धुतलं तर माझ्या मोरीत, वाळलं तर माझ्या अंगणातल्या तारेवर.

नातीला भेटायचं म्हणजे वस्तीवरून तीन किलोमीटर चालत धारूरला आधी माझ्या घरी यायचं, न्हाणीत शिरायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, केसांना शिकेकाई चोळायची, काडीनं नखं कोरायची. मग ते लुगडं नेसून शेजारी तानाजीच्या, म्हणजे तिच्याच पोराच्या, घरी जायचं आणि उंबऱ्याबाहेर बसायचं. आत पाऊल नाही. बावीस वर्षं मी हे बघते आहे. गल्लीतल्या बायका हसायच्या. ‘चतुरामावशे, एवढी आंघोळ तर देवळात जाताना बी करत न्हाईस की!’

ती म्हणायची, ‘देव सुजत न्हाई.’

कारण सांगते. संस्कृती अडीच वर्षांची होती. वस्तीवर कातरणी चालू होती आणि पोर लोकरीच्या ढिगावर खेळता खेळता झोपली. सगळ्यांना कौतुक. थंडीचे दिवस म्हणून चतुराबाईनंच तिच्या अंगावर आणखी ओंजळभर लोकर पसरली. तासाभरानं उठवायला गेली तर तोंड ओळखू येईना. डोळे मिटलेले, ओठ उलटलेले, श्वासाला शिट्टी. तानाजीनं मोटरसायकल काढली आणि पोरीला मांडीवर घेऊन चतुराबाई मागं बसली. त्या मांडीला, लुगड्याला, हातांना सगळीकडे लोकरच चिकटलेली. जी वाचवायला घेऊन चालली होती तिच्याच अंगावरून पोरीला विष चढत होतं, हे अंबाजोगाईला पोचेपर्यंत कुणाला कळलं नाही. डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते हे : ‘आजी, तुम्ही बाहेर उभ्या राहा.’

ती बाहेर गेली ती गेलीच.

पोरीला अंबाजोगाईला मामाकडं ठेवलं. तिथंच शिकली, सुट्टीत तेवढी धारूरला यायची. नववीत असताना कुणा मैत्रिणीचं मलम ओठांना लावलं आणि ओठ फुगले. चामडीच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली आणि सांगितलं, लोकर नकोच, पण लोकरीतून निघणारी चरबीही नको. तिला लॅनोलिन म्हणतात, ती क्रीममध्ये, मलमात, लिपस्टिकमध्ये कशातही असू शकते. मी शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून तो शब्द कागदावर लिहून द्यायचं काम माझ्याकडं आलं. चतुराबाईला वाचता येत नाही. तरी तिनं तो कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून चंचीत ठेवला.

‘अगं, तुला काय उपयोग त्याचा?’ मी म्हटलं.

‘असू द्या बाई. वैऱ्याचा फोटू जवळ असावा.’

यंदा जानेवारीत संस्कृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी बाळबाळंतीण अंबाजोगाईहून धारूरला घरी आल्या. त्या दिवसापासून चतुराबाईची रोजची फेरी सुरू झाली. रोज आंघोळ, रोज ते लुगडं, रोज उंबरा. सून मुक्ताबाई आतून बाळाला उंच धरून दाखवायची आणि ही दाराच्या चौकटीला धरून बघायची. श्वास सोडायचा झाला तरी तोंड गल्लीकडं वळवायची. मी चिडायचे. एवढी भीती बरी नव्हे, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल.

दहाव्या दिवशी, सोमवारी, संस्कृती हट्टाला पेटली. बाळाला घेऊन स्वतःच उंबऱ्यापर्यंत आली. ‘आज्जे, एकदा तरी हात लाव. पणती हाय तुझी.’

चतुराबाईनं एक बोट पुढं केलं आणि बाळाच्या तळव्याला टेकवलं. मी मोजून सांगते, एक बोट, एकदा. मग हात पाठीमागं लपवून बसली.

त्याच दुपारी स्वप्नाली आली. समोरच्या शहादेवची ती सून. फोनवरून कुठल्याशा कंपनीची क्रीमं मागवते आणि गल्लीत विकते. पोरगी वाईट नाही. तिनं एक पांढरी गोल डबी आणली होती, वर हिरवं पान आणि उड्या मारणारा ससा.

‘संस्कृतीताई, अंगावर पाजताना भेगा पडल्यात म्हनं ना? हे लावा. ओठाला बी चालतं, बाळाच्या गालाला बी. तोंडात गेलं तरी कायबी हुत न्हाई. व्हेगन हाय.’

‘म्हंजी काय?’ उंबऱ्यावरून चतुराबाई.

‘म्हंजी आजी, जनावराचं कायच न्हाई त्यात. दूध न्हाई, मध न्हाई, चरबी न्हाई.’

‘लोकर?’

‘लोकर कावून असंल? सुटर हाय का ते!’

सगळ्या हसल्या. मीही हसले.

‘मग हा ससा कावून काढलाय?’

‘ससा म्हंजी जनावरावर तपासून बघितलेलं न्हाई. लई कंपन्या सशाच्या डोळ्यात घालून बघत्यात म्हनं. ही बघत न्हाई.’

‘चांगलं करती. मग कुनावर बघितलं?’

स्वप्नालीनं माझ्याकडं पाहिलं. ‘असंल बघितलं कुनावर तरी, आजी.’

‘म्या नवं औषिद आनलं तर आदी एका मेंढीला पाजते अन् दुसऱ्या दिसापातुर तिच्याकडंच बघत बसते. मग बाकीच्यांला. हिनं कुनालाच न्हाई पाजलं?’

‘आत्याबाई, माणसाचं चाललंय, मेंढराचं न्हाई,’ मुक्ताबाई म्हणाली.

संस्कृती मात्र शहाणी. तिनं डबी स्वप्नालीच्या हातातून घेऊन माझ्याकडं दिली. ‘बाई, तुमी वाचा.’ मी चष्मा लावला. बारीक इंग्रजी अक्षरं होती, तेलांची आणि मेणांची नावं, सगळी झाडपाल्यातली. लॅनोलिन कुठंही नव्हतं. दोनदा वाचलं. आणि तोऱ्यात म्हटलं, ‘लाव गं. व्हेगन म्हणजे लोकरीचा प्रश्नच मिटला.’

वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

बुधवारी सकाळी संस्कृतीच्या पापण्या लाल झाल्या. ओठांच्या कडेला बारीक पुरळ. खाज. चतुराबाई नेहमीप्रमाणं उंबऱ्यावर येऊन बसली, तिनं आत पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला. कुणी काही बोलायच्या आत तिला कळलं होतं, किंवा तिला वाटलं की कळलं.

मुक्ताबाईनं गप्प बसायला हवं होतं. ती घाबरली होती, म्हणून बोलली. ‘फिटली का हौस, आत्याबाई? बोट लावायची?’

चतुराबाई उठली, माझ्या घरी येऊन लुगडं बदललं, आणि वस्तीवर निघून गेली.

‘लोकरीचंच असणार,’ संस्कृती म्हणाली. ‘आजीचं बोट बाळाला लागलं, बाळ मला लागलं.’ आणि आग थांबावी म्हणून तिनं ती डबी उघडली आणि पापण्यांवर, ओठांवर, गालांवर ते क्रीम जाड थापलं. घरात खात्रीचं असं तेवढंच होतं ना. मी तिथंच बसले होते. मीच डबीचं झाकण लावून उशाशी ठेवली.

गुरुवारी सकाळी डोळे उघडेनात. ओठ बोटाएवढे जाड, छाती लालभडक आणि ओलसर. त्याहून वाईट म्हणजे बाळाचे गाल आणि तोंडाभोवतीची जागा लाल झाली होती. ते तोंड लावायचं, किंचाळायचं आणि मान फिरवायचं. सकाळपासून घोटभरही प्यालं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तीन किलोचं घरी आलेलं लेकरू, त्याची टाळू सारखी वरखाली होताना दिसत होती. तानाजी हातात टोपी घेऊन आतबाहेर करत होता. त्याच्या डोळ्यांपुढं बावीस वर्षांपूर्वीची मोटरसायकल उभी होती, हे न विचारता कळत होतं. ‘श्वास बघा, तिचा श्वास बघा,’ एवढंच तो म्हणे.

हरिओमची जीप बोलावली. तिघं बाळाला घेऊन अंबाजोगाईला निघाले. निघताना मुक्ताबाईनं उशाशी हात घालून डबी घेतली. ‘वाटेत लावायला असू द्या.’ घाईत हाताला एकच लागली. स्वप्नालीनं दोन दिल्या होत्या, एक बाळासाठी वेगळी, आणि बाळाची मागं राहिली.

जीप गेली आणि किल्ली माझ्याकडं आली. पाच मिनिटांत चतुराबाई दारात. मी दचकलेच. तिचं डोकं भादरलेलं होतं. कुठं टाळू दिसतेय, कुठं बोटभर केस. मेंढ्यांच्या कातरीनं तिनं स्वतःचे केस स्वतः कापले होते.

‘हे काय करून बसलीस?’

‘केसात धरून ऱ्हातंय बाई. धुऊन बी ऱ्हातंय.’ तिनं जीप गेली त्या रस्त्याकडं पाहिलं. ‘वाटंत दिसली गाडी. श्वास हुता का चांगला?’

‘होता.’

‘हातरूनं द्या. उकळून काढते. माजं कायबी ऱ्हायला नको त्या घरात.’

बाजेवरची चादर, बाळाचं दुपटं, झबली मी उचलून बाहेर आणली. तिनं तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं. दुपटं पाण्यात सोडायला वर उचललं आणि तशीच थांबली. नाकाशी नेलं. परत नेलं.

‘बाई, हे मेंढीचं हाय.’

‘तुझ्याच अंगाचं असेल. उकळ आता.’

‘न्हाई.’ मला दम दिल्यासारखी म्हणाली. ‘माज्या मेंढराला धुराचा वास हाय, लिंबाचा हाय, मुताचा हाय. हे धुतलेल्या लोकरीचं हाय. आमी घोंगडीसाठी लोकर ऊन पान्यात टाकायचो. वर पिवळी साय यायची, चिकट. सासू ती काढून ठेवायची, टाचंला लावायला. त्येचा हा वास. चाळीस वर्सं झाली, कुनी लोकर धूत न्हाई आता. माज्या अंगाला हा वास यील कुठनं?’

ती पायऱ्या चढली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात शिरली. बाजेजवळ वाकून जनावर माग काढतं तशी वास घेत गेली, उशी, पाट, खिडकी, आणि फळीवरची ती दुसरी डबी उचलून बाहेर आली. ‘गार हाय म्हून दडलंय. वर सुवासिक पानी मारलंय.’ झाकण घट्ट लावून डबी सरळ पातेल्यात टाकली. दोन मिनिटांनी काढून उघडली आणि माझ्या नाकापुढं धरली.

मला रसायनशास्त्राची पदवी आहे. तरी नाक असं कधी वापरलं नव्हतं. गुलाबाच्या खालून ओल्या मेंढीचा वास वर आला.

आणि डबीच्या कडेचं लेबल गरम पाण्यानं सुटून लोंबत होतं. हिरवं पान, ससा, झाडपाल्याची नावं, सगळं त्या चिकटवलेल्या कागदावर. त्याच्या खाली डबीवरच छापलेली दुसरी यादी होती. त्याच कंपनीची, त्याच क्रीमची. तिसरा शब्द लॅनोलिन.

 मी पायरीवर बसले. चतुराबाईनं चंचीतून तो प्लास्टिकमधला कागद काढला आणि डबीशेजारी धरला, जणू अक्षरं स्वतः जुळवून बघणार होती. ‘हेच का?’

‘हेच.’

‘अन् ती डबी गाडीत हाय.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती वाटेत ते लावत असणार. सुजलेल्या ओठांवर, छातीवर, बाळाच्या गालावर. जितकी आग होईल तितकं जास्त.

तानाजीचा फोन लागेना. त्या रस्त्याला मधल्या पट्ट्यात रेंज नसते. संस्कृतीचा फोन घरातच वाजला. हरिओमला लावला, घंटी गेली, उचलला नाही. परत लावला. परत. चतुराबाई माझ्या तोंडाकडं बघत उभी होती आणि प्रत्येक घंटीला तिच्या भादरलेल्या डोक्यावरची शीर उडताना दिसत होती. अकराव्यांदा उचलला.

‘बाई, गाडी चालवायलोय की!’

‘गाडी थांबव. मुक्ताबाईकडं फोन दे.’

चतुराबाईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. ‘मुक्ते, ती डबी फेक! लोकर हाय तिच्यात! पोरीला लावू नगं, लेकराला लावू नगं!’

पलीकडचं मलाही ऐकू आलं. ‘आत्याबाई, आता तरी सोताचं दुसऱ्यावर ढकलू नका. आताच लावलंय, त्यानंच जरा गार वाटायलंय तिला.’

चतुराबाईनं फोन माझ्याकडं दिला. 

मी म्हटलं, ‘मुक्ता, मी वाचून दाखवते, ऐक. वरचा कागद खोटा आहे. खाली लॅनोलिन छापलंय. मी चुकले. आजी नाही, मी. गाडी पाण्यापाशी घे आणि दोघींना धू.’

 मग बाळाचं रडणं, गाडीचं दार, आणि फोन कट.

त्यानंतरचे तीन तास मला कुणी परत जगायला सांगू नये. चतुराबाई चुलीपुढं बसून दुपटी उकळत राहिली. धुतलेली परत उकळली. मध्येच म्हणाली, ‘तवा बी वाटंतच जास्ती झालतं.’ तिनं चुलीत आणखी एक काटकी सारली.

चार वाजता तानाजीचा फोन आला. एका हॉटेलच्या नळावर त्यांनी दोघींना धुतलं होतं. संस्कृतीला इंजेक्शन दिलं होतं, सूज खाली यायला दोन दिवस लागतील. श्वासाला धोका नव्हता. बाळाला दूध काढून वाटी-चमच्यानं पाजलं होतं आणि ते प्यालं होतं. बाळाचे गाल कशानं लाल झाले ते डॉक्टरीणबाई ठाम सांगेनात. एवढ्या लहान लेकरांचे असेही होतात म्हणे. पुढं हिला आईसारखं होईल का, हेही आत्ता कळणार नाही.

‘कवा कळंल?’ चतुराबाईनं विचारलं.

‘मोठी झाल्यावर.’

तिनं मान हलवली, जशी काही नवीन मुदत पदरात पडली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. गोड आवाजाच्या मुलीनं सांगितलं की नवा माल व्हेगन आहे आणि जुन्या डब्यांना नवं लेबल लागलं असल्यास ती गोदामातली चूक आहे. मी सशाचं विचारलं. ‘मॅडम, आमची तयार क्रीम प्राण्यांवर तपासली जात नाही, एवढाच आमचा दावा आहे. आतले घटक ज्यांच्याकडून येतात ते काय तपासतात, त्याची जबाबदारी आमची नाही.’

चतुराबाई शेजारीच होती. ‘इचारा, मग कुनावर तपासलं?’

मी विचारलं. मुलगी म्हणाली, ‘तशी तक्रार आजवर आलेली नाही.’

‘आता आली म्हना,’ चतुराबाई म्हणाली.

तक्रार मी लेखी केली आहे. वरचं लेबल, खालचं लेबल, फोटो, तारखा, सगळं जोडून. पाठपुरावा मी सोडणार नाही, माझी सवय आहे ती.

स्वप्नाली रडत आली. तिला वाटलं आता गल्ली तिला फाडून खाणार. चतुराबाई तिला एवढंच म्हणाली, ‘रडू नगं. कुनाकुनाला दिल्यात त्या डब्या आन.’ नऊ परत आल्या. पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. चतुराबाईनं एकेक डबी गरम करून हुंगली. सहांत मेंढी होती, तिनांत नव्हती. लेबल नऊच्या नऊ डब्यांचं सारखं. हिरवं पान तेच, ससा तोच. त्या दिवसापासून मी कुठल्याही डबीवर काही वाचलं की माझा हात आपोआप थांबतो.

संस्कृती पाचव्या दिवशी घरी आली. तोंडाची सालं निघत होती, पण डोळे उघडे होते. चतुराबाई आंघोळ करून, ते लुगडं नेसून, बोडक्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर येऊन बसली. तिचीच जागा, तसूभरही पुढं नाही.

मुक्ताबाई बाहेर आली. तिनं सासूच्या डोक्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, ‘आत या, आत्याबाई.’

‘हितंच बरी हाय.’

‘आज्जे,’ संस्कृती म्हणाली, ‘तुझ्यानं झालंच नव्हतं.’

‘ह्या टायमाला झालं नव्हतं. तवा झालतं.’

ते खरं होतं. तिच्या हातांत लोकर आहेच. उद्या सकाळी ती पुन्हा मेंढ्यांतच जाणार.

संस्कृती उठली, उंबऱ्यापाशी आली आणि बाळ सरळ आजीच्या मांडीवर ठेवून दोन हात मागं सरून बसली. चतुराबाई किंचाळायचीच बाकी होती. हात वर धरले, कुठं ठेवावेत कळेना. आधी दोन्ही तळवे नाकाशी नेऊन हुंगले. मग लुगड्याचा पदर हुंगला. मग हात खाली आले आणि बाळाच्या दोन्ही बाजूंना टेकले. ती बाळाकडं बघत नव्हती. बाळाच्या गालांकडं बघत होती.

बाळ जांभई देऊन झोपलं. मिनिटभर असेल. ‘घ्या,’ ती म्हणाली. ‘घ्या लवकर.’

आज त्याला एकोणीस दिवस झाले. रोज सकाळी सातला माझा फोन वाजतो. वस्तीवरून, मागं मेंढ्यांचा गलका.

‘बाई, गाल बघून या.’

पहिल्या दिवशी मी तिला झापलं होतं. आता उठते, चष्मा लावते, शेजारी जाते आणि बाळाला उजेडात धरून दोन्ही गाल बघते. दोनदा बघते.